कळवण्यास आनंद होतो

वेस्ट मांबलम, चेन्नई
१२ ऑक्टोबर २००६

तीर्थरूप बाबांना,

ऋजुताचा साष्टांग नमस्कार. मी बरी आहे. गुडघ्याला तेल लावता ना? इथे उकाडा आहे, पाणी एक दिवसाआड येतं आणि माझ्या आमटीत चिंच वाढत चालली आहे. घरमालक बालाजीराव खुशाल आहेत. तंजावरकडचे मराठी, इंग्रजीचे निवृत्त मास्तर. जाडजूड डिक्शनरी उशाशी घेऊन झोपतात.

आता मुद्द्याचं.

आमच्या कंपनीत कुणाला बाळ होवो, कुणी नोकरी सोडो, सगळ्यांना एकदम ईमेल जातो: 'वुई आर प्लीज्ड टू अनाउन्स'. तसाच मीही धाडला. चंद्रमौळीशी माझं लग्न ठरल्याचं त्रेचाळीस जणांना एका फटक्यात कळवलं. यादीत तुमचंही नाव होतं. तुम्ही ईमेल उघडत नाही हे मला ठाऊक होतं. खरं सांगते बाबा, म्हणूनच घातलं. कळवल्यासारखंही झालं असतं आणि तुमचा नकारही ऐकावा लागला नसता.

मोठ्या दिमाखात तो ईमेल छापून मी बालाजीरावांना दाखवला. त्यांनी डिक्शनरी उघडली. म्हणाले, "अनाउन्स लॅटिनांतून आला म्मा. 'अ‍ॅड' म्हणजे कडे, 'नुंटियस' म्हणजे निरोप्या. निरोप घेऊन माणसाकडे जाणें. तू कोणाकडे गेलीस? तुझ्या अप्पास कोण सांगितलं?"

माझ्या दहावीच्या निकालाला तुम्ही सायकलवरून घरोघर सांगत फिरला होतात, ते आठवत बसले.

त्याच आठवड्यात आत्याच्या संजीवदादाचा फोन आला. ईमेल वाचून त्याने तुमचं अभिनंदन केलं, तर तुम्ही म्हणे म्हणालात, "ऋजूने मला सगळ्यांच्या आधी सांगितलं."

बाबा, तुम्ही कोर्टात तीस वर्षं काढलीत, साहेबासाठीसुद्धा कधी खोटं बोलला नाहीत. माझ्यासाठी बोललात. त्यानंतर महिनाभर मला फोन केला नाहीत, तेही बरोबरच. पण चार लोकांत माझी लाज राखलीत. तुमचे हे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत.

चंद्रमौळी गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. मराठीत त्याला फक्त 'बसा' म्हणता येतं, पण ते तो मनापासून म्हणतो. तोही माझ्याबरोबर तुमच्याकडे यायला निघाला होता. मीच नको म्हटलं, हे काम माझं एकटीचं आहे.

म्हणून हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तुम्ही आत्ता ते वाचताय, म्हणजे मीच ते तुमच्या हातात दिलंय आणि बाहेर जाऊन बसलेय. तोंडाने सांगायला गेले असते तर पहिल्याच वाक्याला रडले असते.

नाही म्हणायचं असेल तर बाहेर येऊन म्हणा. मी ऐकून घेईन, पळणार नाही. हो म्हणायचं असेल तरी बाहेर या.

तुमची,
पायरीवर बसलेली
ऋजू