मातृवृक्षाचे डोळे

९ नोव्हेंबर

ज्याच्या सत्तेने बीजाला अंकुर फुटतो आणि पिकले पान देठापासून सुटते, त्या परमेश्वराची कृपा या पानावर असो. एरवी एवढे लिहून पुढे दिवसाकडे वळतो. आज वळवत नाही.

मातृवृक्षाची पाने पिवळी पडत आहेत.

संत्र्याचे हे झाड वडिलांनी लावले. आमच्या घराण्यात बागेसाठी रोप विकत आणत नाहीत. मुलीची पाठवणी असो, भावाची वाटणी असो, कोणाचे नवे घर उभे राहो — घरातल्या वडीलधाऱ्याने स्नान करून, प्रार्थना म्हणून, या एकाच झाडाची काडी कापायची आणि ओल्या फडक्यात गुंडाळून द्यायची. त्या काडीवरचे डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, दुसऱ्या रोपाच्या खुंटावर बांधले की नव्या अंगणात हेच झाड पुन्हा उभे राहते. वडिलांनंतर ती काडी मीच कापत आलो.

भुकेले असेल असे समजून आळे करून भरपूर खत घातले.

ही म्हणाली, "झाड म्हातारं झालंय. तुमचंही सगळं पांढरं झालंय, म्हणून तुम्हाला कुणी खत घालतं का?"

१३ नोव्हेंबर

खताचा काही उपयोग दिसत नाही.

फळे हाती घेऊन पाहिली. लहानखुरी, एका अंगाने फुगलेली, दुसऱ्या अंगाने दबलेली. रंग देठाकडून चढू लागला आहे आणि खालचे टोक हिरवेच — नेहमीच्या अगदी उलट. एक फोडले. बिया काळ्या, पोचट. रस कडू.

या झाडाचे फळ देवापुढे ठेवले नाही असा माझ्या आठवणीतला हा पहिला हंगाम.

१६ नोव्हेंबर

कृषी केंद्रातून रोगतज्ज्ञ बाई आल्या. वयाने नातीएवढ्या. हिने त्यांचे नाव लगेच 'डॉक्टरीणबाई' करून टाकले आणि त्यांनीही ते हसून घेतले.

त्यांनी एक पान उन्हाकडे धरले. "आजोबा, भुकेनं पिवळं पडलेलं पान दोन्ही अंगांनी सारखं पिवळं होतं. हे बघा. मधल्या शिरेच्या डावीकडचे डाग वेगळे, उजवीकडचे वेगळे. मला हे ग्रीनिंग वाटतंय."

जिवाणूंचा रोग. पानांत तयार झालेले अन्न ज्या वाटांनी खाली उतरते, त्या वाटांतच हे जिवाणू राहतात आणि वाट बुजवतात. पाने अन्न करत राहतात, मुळे उपाशी मरतात. म्हणजे भुकेचा माझा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. मात्र ती भूक खताने भागणारी नव्हती.

"औषध काय?"

"औषध नाही, आजोबा. रोग लागलेलं झाड काढायचं, एवढंच."

"दुसऱ्या झाडाला लागतो?"

"एका बारीक किडीनं लागतो. आणि कलमानं. रोगी झाडाचा डोळा बांधला, की त्याच्याबरोबर रोगही बांधला गेला."

पाने पिशवीत भरून तपासणीला नेली. निघताना म्हणाल्या, "आधी निकाल येऊ द्या. पण याच्या काड्या कुणाला दिल्या असतील, तर आठवून ठेवा."

आठवण्यासारखे काही नव्हते. सगळे तोंडपाठ होते.

१७ नोव्हेंबर

धाकट्या भावाच्या पत्नीचा विचार मनातून जात नाही. भाऊ गेला तेव्हा ती नुसती भिंतीकडे पाहत बसे. मीच म्हणालो, झाडे लाव. शिवणकामाचे वर्ग बंद करून तिने टेकडीपलीकडचा सगळा उतार लावला. तीन वर्षे झाली. प्रत्येक झाड माझ्या काडीचे. तिला दुसरा आधार नाही. उत्पन्नाचाही नाही, दिवसाचाही नाही.

जपाला बसलो. माळ फिरत राहिली, मी तिच्याबरोबर नव्हतो.

२१ नोव्हेंबर

निकाल आला. तोच रोग.

२२ नोव्हेंबर

सकाळी लेकीला फोन केला. तिच्या सासरची बागही माझ्याच काडीची. सगळे क्रमाने, शांतपणे सांगितले.

ती म्हणाली, "बाबा, आमची बाग आम्ही काढली."

"कधी?"

"चार वर्षं झाली. तिथं आता पेरू आहेत."

"हाच रोग?"

"हाच."

"आणि मला सांगावंसं—"

"आई म्हणाली, नको सांगूस. मलाही धीर झाला नाही. तुम्ही रोज पोथी घेऊन त्या झाडाखाली बसता, बाबा. तुमच्या झाडानं आमची बाग खाल्ली, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

चार वर्षे. भावजयीला काडी दिली त्याला तीन. मी हे उच्चारले नाही. तिचे तिलाच ध्यानात आले. "काकू," एवढेच म्हणाली आणि रडू लागली. ती शांत होईपर्यंत मी फोन कानाशी धरून बसलो. तिला क्षमाही केली नाही, दोषही दिला नाही.

२३ नोव्हेंबर

हिला विचारले. भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत.

"मला वाटलं तिकडची माती वाईट. डोळ्यातून रोग जातो, हे मला कुणी सांगितलं होतं?"

"लेकीनं रोगाचं नाव सांगितलं असेल की."

"सांगितलं. इंग्रजी होतं. राहिलं नाही लक्षात." मग देठे बाजूला सारत, "आणि खरं सांगू का? त्या झाडाखालून उठून येता, तेव्हा तुम्ही जरा बरे वागता. दिवसभरात तेवढाच काय तो वेळ. तो माझ्या हातानं कसा घालवू?"

एरवी हसलो असतो. भावजयीसाठी काडी कापली त्या सकाळी ओले फडके घेऊन हीच माझ्या शेजारी उभी होती. रागावलो नाही असे लिहिले तर ते असत्य होईल. जेवताना ताट तसेच सारून उठलो. तिनेही आग्रह केला नाही.

आम्ही दोघे एका घरात, आणि घर रिकामे.

२५ नोव्हेंबर

आज मातृवृक्ष काढला. आधी फवारणी करावी लागते. तसेच तोडले तर फांद्यांवरची कीड उडून दुसरीकडे बसते. तोडणाऱ्याने विचारले, "आजोबा, खोड ठेवू का? बसायला होईल." नको म्हणालो. मुळांसकट काढवले. मुळे हातात घेतली तर साल बोटांना निसटून आली. आत काही उरले नव्हते.

दान देताना पात्र पाहावे, काळ पाहावा, स्थळ पाहावे, असे शास्त्र सांगते. हे तिन्ही मी आयुष्यभर पाहिले आणि त्याचे मला समाधान होते. यज्ञाच्या वेळी भाकड गाई दान करणाऱ्या यजमानाची कथा मी लोकांना कितीदा सांगितली. ऐकणारे त्याला हसत, मीही हसत असे. त्या यजमानाला निदान आपल्या गाई दिसत तरी होत्या. मला काडी निरोगी दिसली. या वाक्याचा आधार घ्यावासा वाटतो आणि तो पुरत नाही.

देवाला काही मागितले नाही. काय मागावे हे कळले नाही.

२७ नोव्हेंबर

दोन दिवस टाळले. आज टेकडी ओलांडून भावजयीकडे गेलो.

ती ओळींमध्ये खुरपत होती. "भाऊजी, उन्हातून चालत कशाला आलात? निरोप धाडायचा होता." मग खुरप्यानेच दाखवत, "ही बघा तुमची नातवंडं. थोडी पिवळी दिसतात, भुकेली आहेत. खत घालतेय."

माझेच शब्द. माझीच चूक.

उभ्यानेच सगळे सांगितले. ती ऐकत खुरपत राहिली. ओळ संपेपर्यंत थांबली नाही.

"सगळी काढायची?"

"सगळी."

"त्या कोपऱ्यातली हिरवीगार आहेत."

"आत रोग असला तरी वर दिसायला वेळ लागतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आपल्या मातृवृक्षाचंही तसंच झालं."

ती बांधावर बसली. "हे गेले तेव्हा तुम्ही म्हणालात, झाडं लाव, दिवस त्यांच्या मागे जातील. गेले, भाऊजी. खरंच गेले. आता उद्या सकाळी उठून मी कुठे जाऊ?"

सांत्वनाची किती वचने मला पाठ आहेत. एकही तोंडातून काढण्याची लाज वाटली.

शेवटी तीच उठली. फवारणीचा पंप कुणाकडे मिळेल ते विचारले. मला पाणी दिले. माझ्याकडे पाहिले मात्र नाही. निघताना काही सांगायचे असल्यासारखी फाटकापर्यंत आली आणि तशीच परत वळली.

२८ नोव्हेंबर

सकाळी भावजय दारात. आत आली नाही.

"काल सांगवलं नाही, भाऊजी. यंदाच्या छाटणीच्या काड्या मी वाटल्या. ज्यानं मागितल्या त्याला. शेजारी, माहेरी, शिवणाच्या वर्गातल्या बायकांना. रस्त्यानं जाणाऱ्या एका माणसालासुद्धा, त्याचं नावही विचारलं नाही. तुम्ही देत होता तशाच दिल्या. अंघोळ करून, प्रार्थना म्हणून."

ही आतून चपला घालून आली. मी दोघींबरोबर निघतो आहे. ज्यांची घरे ठाऊक आहेत त्यांच्या दारी आम्ही जाऊ. ज्यांची ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी एवढेच पान माझ्याजवळ आहे. आजवर ते कोणासाठी लिहिले नव्हते.

वाचणाऱ्या, तू कोणीही अस, तुझे अंगण हिरवे राहो, तुझी लेकरे गोड फळ खावोत. आणि कोणी प्रेमाने दिलेले संत्र्याचे झाड तुझ्या दारी असेल, तर ते तपासून घेण्याची बुद्धी, आणि वेळ आलीच तर आपल्या हाताने उपटण्याचे बळ, ईश्वर तुला देवो.