एकवीरेवर क्रांती चढणार

धर्माजीदादाला थळहून कोकिळेचा नमस्कार.

घरी पहिली कोण आली सांगू? क्रांतीच्या विद्यापीठाची मॅडम, मागनं सर, नि माझे हात कोलंबीत! आपली नात क्रांती मासळीचं शिकते ना, तिथं पोरगे समुद्रात जायचे, पोरी धक्क्यावर मासे मोजायच्या. आता दोघांना सारखं म्हणे. पोरींना समुद्रात न्यायला मॅडमनी आपल्या जावयाचीच होडी मागितली.

अंबाजी म्हणाला, "आमच्यात बाईमाणूस होडीत चढत न्हाय."

मी म्हटलं, "जावईबापू, होडीचं नाव एकवीरा. ती काय बाप्या हाय?"

सगळी हसली, जावईही कबूल झाला! पोरींना लघवीची अडचण नको म्हणून विद्यापीठ होडीवर आडोसा बांधणार हाय.

क्रांती घरभर नाचतेय. मला वाऱ्याची धास्ती वाटते, पण तिला बोलले न्हाय. तुझा गुडघा कसा हाय? वहिनीला सांग, सुकट पाठवते.

मॅडम गुरुवारी भरतीला येतील, तेव्हा होडीत पहिली चढणार आपली क्रांती.

तुझी धाकटी,
कोकिळा