लिफ्ट बंद पडण्याचं एकच कारण

३ मार्च, सोमवार
निर्णय झाला. लिफ्ट दुरुस्तीची बॅग खाली ठेवायची आणि तक्रार विभागात सुपरवायझर व्हायचं. खुर्ची, पंखा, फोन. बावीस वर्षं जिने चढून गुडघ्यांनी संप पुकारलाय. जागा एकच. २१ तारखेला लेखी परीक्षा, इंग्रजीत. साहेब म्हणाले, ‘मे’, ‘माइट’, ‘कुड’ पक्कं करा. ग्राहकाला छातीठोक काही लिहायचं नसतं, शक्यता लिहायची असते. तीनच तर शब्द. दोन दिवसांचं काम.

५ मार्च, बुधवार. सकाळी ८
पहाटे पाचला अभ्यास ठरला होता. गजर कोणीतरी बंद केला. हिचं म्हणणं, मीच केला.

९ मार्च, रविवार
धाकटी कॉलेजात आहे, तिच्याकडे शिकवणी लावली. तिने विचारलं, घरी यायला उशीर होण्याची शक्यता असेल तर आईला इंग्रजीत काय कळवाल? मी लिहिलं, ‘आय विल कम ॲट सेव्हन.’ ती म्हणाली, बाबा, यात शक्यता कुठे आहे? मी म्हटलं, सात म्हणजे सात. आतून ही हसली. मी कधी साताला आल्याचं तिला आठवत नाही म्हणे. शिकवणी चालू असताना घरच्यांनी मध्ये बोलू नये.

१३ मार्च, गुरुवार
शंकासुरानेही अर्ज भरलाय. हा माझा जोडीदार. अकरा वर्षं आम्ही एकत्र लिफ्ट उघडतोय. मोटर जळाल्याचा वास नाकात शिरत असताना हा म्हणणार, मोटर असेल, नाहीतर वायरिंग असेल, बघायला हवं. असल्या माणसाला सुपरवायझर कोण करणार? दया आली. कॅन्टीनमध्ये त्याची उजळणी घेतली. त्याला सगळं येत होतं. शिकवणारा चांगला असला की असं होतं.

१८ मार्च, मंगळवार
डोकं फिरलंय. धाकटी म्हणते, ‘मे’पेक्षा ‘माइट’मध्ये खात्री कमी. मग ते वापरायचंच कशाला? ज्याला खात्री नाही त्याने तोंड उघडू नये. वही भिरकावली. हिने ती उचलून टेबलावर ठेवली आणि माझा गुडघा शेकायला बसली. म्हणाली, “तेवढी खुर्ची मिळू दे. तुम्ही परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला असतो.” वाईट वाटलं.

२१ मार्च, शुक्रवार
पेपर फक्कड. तीन तासांचा होता, पंचवीस मिनिटांत बाहेर. मोठा प्रश्न: लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली आहे, दहा संभाव्य कारणे लिहा. मी एकच लिहिलं. खाली दोन रेघा ओढल्या. दहा कारणं सांगणाऱ्याला लिफ्टमधलं ओ की ठो कळत नाही, हे तपासणाऱ्याला समजेलच. शंकासुर पुरवणी मागत होता. बिचारा.

२८ मार्च, शुक्रवार
शंकासुर सुपरवायझर झाला.
साहेबांनी माझा पेपर पुढ्यात ठेवला. म्हणाले, तुमचं कारण बरोबर असेलही, पण उरलेली नऊ? मी म्हटलं, ती नव्हतीच. वशिला असणार. असणार कसला, आहेच. हिला सांगितलं, निकाल लांबलाय.

४ एप्रिल, शुक्रवार
सकाळी नव्या सुपरवायझरचा फोन. नवव्या मजल्यावर लिफ्ट बंद आहे. मेन स्विच पडला असेल, फ्यूज गेला असेल, दरवाजा अडकला असेल; दादा, आधी खालीच बघून घ्या. मी म्हटलं, मला शिकवू नकोस, दरवाजाच आहे. बॅग घेऊन नऊ मजले चढलो. चार वेळा टेकलो. दरवाजा उत्तम होता. मेन स्विच पडला होता. तो तळमजल्यावर.
उतरताना गुडघा वाकेना. बसलो होतो तेवढ्यात हिचा फोन आला. निकाल तिला सोमवारपासून माहीत होता. शंकासुराच्या बायकोने सांगितलं होतं. मी एवढंच सांगितलं, वर जिन्यात अडकलोय, गुडघा वाकत नाही. ती म्हणाली, “बसूनच उतरा. घाई नाही.”
नऊ मजले बसून उतरलो.