मडगार्डवरची रेघ

मी, छगन धुडकू निकुंभ, वय बासष्ट, धंदा मोटारींच्या रंगावर पारदर्शक फिल्म बसवणे, राहणार लिंबायत, सुरत, मूळ तालुका शिंदखेडा, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवतो. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी दारू पाजलेली नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी पत्नी मंगलाबाई हिला तो दाखला मान्य नाही, पण तिचे मत कोणी विचारलेले नाही. छातीत कापडाच्या लूमवरच्या दिवसांचा खोकला आहे, डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि मी फार थकलो आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. तसे कोणी सांगत आले तर तो माझा चुलतभाऊ हेमराज असेल, त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

कलम १. लिंबायतचे दोन खोल्यांचे घर आणि बँकेतील शिल्लक मंगलाबाईच्या एकटीच्या नावे राहील. तिच्या पश्चात मुलगा श्रीरंग आणि मुलगी योगिता यांना घर निम्मे निम्मे. मंगलाबाई हयात असेपर्यंत कोणी भिंत पाडण्याची, मजला चढवण्याची किंवा तिचा पाटा-वरवंटा हलवण्याची भाषा करू नये.

कलम २. मोटारसायकल श्रीरंगला. पोरगा गुजरातीत हसतो, हिंदीत भांडतो आणि मराठीत फक्त जेवायला मागतो, पण मनाने वाईट नाही. आईला दर महिन्याला दवाखान्यात त्याच मोटारसायकलवरून न्यावे. हळू चालवावी.

कलम ३. हेमराजने माझी अॅल्युमिनियमची शिडी दोन दिवसांसाठी नेली, त्याला अकरा वर्षे झाली. ती शिडी मी त्याला देत आहे, म्हणजे निदान माझ्यामागे ती चोरीची राहणार नाही. त्याने बिननावाची फिल्म लावून गाड्या पिवळ्या केल्या आणि माल छगनभाईकडचा आहे असे गिऱ्हाइकांना सांगितले, त्याची माफी मात्र देत नाही. माझ्या दहाव्याला जेवायला आला तर वाढावे. आग्रह करू नये.

कलम ४. उधन्याचा माझ्या मालकीचा गाळा आणि त्यातील सर्व सामान योगिताला: पाणी काढायच्या रबरी पट्ट्या, फवारणीच्या बाटल्या, हीट गन, छताचे दिवे, शिल्लक फिल्मचे रोल आणि <s>पितळी मुठीचे माझे ब्लेड</s>. (खोडले. कारण खाली.) श्रीरंगने यात वाटा मागू नये. तो गाळ्यात आला की धूळ घेऊन येतो.

हे असे का, ते कलम ५ मध्ये लिहितो. वकीलसाहेब म्हणाले, "काका, हे मृत्युपत्रात लिहायची गरज नाही." मी म्हटले, तुम्ही टाईप करा.

कलम ५. वीस वर्षे लूम चालवून मी साड्यांच्या घडी-पॅकिंगला लागलो आणि तिथून या धंद्यात आलो. कापडाला सुरकुती पडू न देणारा हात काचेसारख्या फिल्मलाही कामी आला. रस्त्यावरच्या गाडीला खडी, झाडाचा चीक आणि शेजाऱ्याची सायकल यांपासून जपायचे असते. शर्यतीच्या ट्रॅकवर नेणाऱ्या गाडीला पुढच्या गाडीच्या टायरखालून उडणारे खडे बंदुकीसारखे लागतात, म्हणून पुढच्या भागावर जाड फिल्म. लोक एवढे सगळे करून घेतात आणि वर लिंबू-मिरची बांधतात ती बांधतातच.

फिल्म गाडीवर अंथरून जादा भाग तिथेच कापावा लागतो. मी ब्लेडने कापायचो. ब्लेड फिल्ममध्ये उतरले पाहिजे, रंगाला टेकता कामा नये. उधन्यात माझे नाव त्यावरच होते. योगिता माझ्याकडे शिकली आणि माझ्यापुढे गेली. तिने दोऱ्याची टेप आणली. आधी टेप चिकटवायची, वर फिल्म घालायची आणि टेपमधला दोरा ओढला की फिल्म कापली जाते, ब्लेड लागतच नाही. मी चारचौघांत म्हणालो, "दोऱ्यानंच कापायचं तर ब्लाउज शिवायला बस." सगळे हसले. तीही हसली. त्या वर्षी माझ्या डोळ्यांवर पडदा यायला लागला होता, हे मी घरातसुद्धा सांगितले नाही.

त्याच वर्षी केयूरभाईंची गाडी आम्ही दोघांनी मिळून केली. ते सुट्टीच्या दिवसांत ट्रॅकवर गाडी पळवतात. तीन वर्षांनी खड्यांनी चाळण झालेली जाड फिल्म काढायला ते गाडी घेऊन आले. फिल्म सोलली आणि पुढच्या मडगार्डवर वीतभर रेघ दिसली. रंग थेट पत्र्यापर्यंत कापलेला.

केयूरभाई म्हणाले, "आ कोणे कर्युं, छगनभाई?"

गाळ्यात तेव्हा आणखी दोन गिऱ्हाइके होती. मी म्हणालो, "मुलीचा हात आहे. नवी होती."

योगिता खाली वाकून ती रेघ पाहत राहिली. मग तिने बाटली जागेवर ठेवली, हात धुतले आणि घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून आली नाही. आज पलसाण्याच्या डाइंग युनिटात ती कापडाच्या रंगाच्या छटा जुळवते. चार वर्षे झाली. माझ्याशी बोलते, पाणी देते, औषध आणते, पण गाडीचा विषय काढत नाही.

ती रेघ माझी होती. मी डावखुरा आहे. उजव्या हाताचा माणूस डावीकडून उजवीकडे कापत जातो, मी उलटा. ब्लेड उचलताना माझा हात जरा खाली झुकतो. त्या रेघेचे शेपूट डावीकडे होते आणि खाली झुकलेले होते. मला ते बघताक्षणी कळले होते. मला लाज वाटली नाही, भीती वाटली. लोक माझा हात बघून गाडी देत होते, आणि हात गेला तर माझ्याजवळ दुसरे काहीच नव्हते. म्हणून मी पोरीचा हात पुढे केला. तिने आपला हात वाईट आहे असे समजून धंदा सोडला. असला बाप कोणाला नको. योगिता, तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता, पहिल्या वर्षापासून.

कलम ६. कलम ५ माझ्या मेल्यावर वाचायचे नाही. मेल्यावर कबूल करणे सोपे असते. म्हणून ज्यांच्यासमोर खोटे बोललो त्या केयूरभाईंनाच साक्षीदार बोलावले आहे आणि सही करण्याआधी योगितासमोर सर्व मजकूर मी मोठ्याने वाचेन.

दुरुस्ती (वकीलसाहेबांच्या हातची, माझ्या सांगण्यावरून). मजकूर वाचला. कलम ५ ला आवाज गेला, तेवढे शेजारी आणि साक्षीदार बन्सीलालने वाचले. केयूरभाईंनी योगितासमोर हात जोडले. ती माझ्याकडे पाहून आमच्या घरच्या बोलीत म्हणाली, "माले तवयच माहीत व्हतं, बाबा. ती रेघ डावा हातनी व्हती."

मी विचारले, "मंग बोलनी कसाले नही?"

ती म्हणाली, "तुमना डोळा गयात, हाई बी माले माहीत व्हतं."

चार वर्षे मी समजत होतो की हे फक्त मला ठाऊक आहे. मी रडलो, हे लिहायला नको असे वकीलसाहेब म्हणाले, मी लिहायला लावले आहे.

योगिता गाळा घेईन म्हणाली. ब्लेड नको म्हणाली, दोऱ्याची टेप तिची ती आणेल. तेवढे कलम ४ मधून खोडले आहे. ब्लेड मंगलाबाईने गोधडीचे दोरे तोडायला मागून घेतले. आणि तुमच्या मरणाची वाट कशाला पाहायची, पलसाण्याला नोटीस देऊन एक तारखेला येते, असेही योगिता म्हणाली. तेव्हा गाळ्याची किल्ली आजच दिली.

स्थळ: उधना, सुरत. दिनांक: ९ मार्च २०२५, रविवार.

साक्षीदार १: बन्सीलाल वामन शिरसाठ, शेजारी, लिंबायत.
साक्षीदार २: केयूर वाडीवाला, गिऱ्हाईक.

मृत्युपत्र करणार: छगन धुडकू निकुंभ. सही डाव्या हाताने केली आहे.