राणीचा राग

सोमवार, ५ डिसेंबर २००५
धामणगाव रेल्वे

गोदावरी मोरोपंत पांढरीपांडे — तुला जाऊन आज चोवीस दिवस झाले, आणि येत्या रविवारी तुझ्या परीच्या मालिकेचा शेवटचा भाग आहे! वर्तमानपत्रात आले आहे. कात्रण कापले. कापल्यावर ते कोणाला दाखवावे हे कळेना, म्हणून या वहीत चिकटवले.

अमरावतीच्या दवाखान्यात तू म्हणालीस, "अहो, शेवट तुमी पाहून घेजा. बायायले सांगजा. रानी उठली पाह्यजे." मी म्हणालो, "बायकांना. राणी." तू डोळे मिटलेस. तुझ्याशी बोललेला माझा अखेरचा शब्द व्याकरणाचा निघाला. मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झालो. घरात झालो नाही.

ही मालिका मी एकदाही पाहिलेली नाही. रविवारी पाहीन आणि बायकांना सांगेन.

मंगळवार, ६ डिसेंबर

वीज कार्यालयात जाऊन भारनियमनाचे वेळापत्रक पाहिले. रविवारी आमच्या भागात सकाळी आठ ते एक वीज नाही. मालिका दहाला! कारकुनाने विचारले, "सर, कोनतं काम अडलं?" खरे ते सांगितले. तो म्हणाला, "तुमी आनि परी?" हसला. हसू दे.

तोडगा शेजारच्या नईमाबाईंनी काढला. त्यांचे यजमान शफीकभाई यांचे टीव्ही दुरुस्तीचे दुकान रेल्वे फाटकापलीकडे आहे. तिकडे त्या वेळी वीज असते. गोदावरी दर रविवारी नईमाबाईंसह तेथेच मालिका पाहत असे आणि दुपारी चारला निंबाखाली गल्लीतल्या बायकांना सबंध भाग सांगत असे. त्यांना वीज नाही आणि सकाळी कापूस वेचायला जावे लागते. या रविवारी मात्र नईमाबाई व शफीकभाई अकोल्याला जात आहेत — नईमाबाईंच्या धाकट्या बहिणीच्या, रुबीनाच्या, बाळाचा अकीका, म्हणजे जावळाचा विधी, आहे. "दुकान बंद राह्यते सर, पन किल्ल्या घेऊन ठेवा. चाचीचं काम हाये." चाची म्हणजे गोदावरी.

दोन किल्ल्या. उशीखाली ठेवल्या आहेत. हास्यास्पद आहे. असो.

गुरुवार, ८ डिसेंबर

झोप नाही! शाळेचा दहावीचा निकाल लागण्याच्या आदल्या दिवशी असे होत असे.

शुक्रवार, ९ डिसेंबर

गल्लीतल्या जयवंताबाईंनी दारातच गाठले. शेतातून परतत होत्या, पदराला सरकीसकट कापूस चिकटलेला.

"सर, आयतवारी नीट ध्यान देऊन पाहा बरं! रानीले राग कोन आनते थे पाहा."

"राग कशासाठी?"

"अवो माय! सरायले काहीच मालूम नाई!"

मग उंबऱ्यावर बसून त्यांनी कथा सांगितली. दुष्ट जादूगाराने राणीची शिळा केली. राजाने नवस केले, शिळेला अत्तर लावले, सर्व व्यर्थ. अखेर म्हाताऱ्या परीने सांगितले की हिला जागे करील तो केवळ राग! "चार महिने झाले, आमी वाटच पाहून राहिलो. थो राजा काई तिले राग येऊ देत नाई. लय गोड बोलते मेला!"

दगडाला राग येण्याची वाट पाहणाऱ्या बायका! कल्पना अपूर्व आहे. असल्या मालिकांविषयीचे माझे मत घाईचे होते, हे येथे नमूद करतो.

रविवार, ११ डिसेंबर

साडेनऊलाच शटर वर केले. दुकानात बारा संच, चालू स्थितीत एकच, आणि त्यात सर्वांचे चेहरे हिरवे. हिरवा राजा, हिरवी परी. तरी मी स्टुलाच्या अगदी कडेला येऊन बसलो होतो!

परी म्हणाली, "इसे तो केवल सच्चा राग ही जगा सकता है।" आणि राजाने वीणा उचलली.

वीणा! तो गाऊ लागला, आणि माझ्या ध्यानात आले. राग म्हणजे गायनातला राग! गोदावरीने त्याचा संताप केला. चार महिने सबंध गल्ली एका चुकीवर डोळे लावून बसली होती! बंद दुकानात मी मोठ्याने हसलो. तिच्या पश्चात पहिल्यांदाच. मग रुमाल शोधावा लागला.

राजा गायला, राणीने डोळे उघडले, मालिका संपली.

घरी येऊन टिपण केले: 'राग' या शब्दाचे हिंदीतील व मराठीतील अर्थ, उदाहरणांसह. चारला निंबाखाली गेलो. सात बायका. माझ्यासाठी पाट मांडलेला.

"राजाने वीणा घेतली," मी प्रारंभ केला, "आणि एक सुंदर गीत —"

"गाना?" जयवंताबाई. "गान्यानं तं लेकरू निजते सर! रानी कशी उठन?"

"मंग राग?" दुसरी कोणीतरी. "गोदाबाईनं तं रागाचं सांगितलं होतं."

सातही जणी माझ्याकडे पाहत होत्या. टिपणाची घडी केली. खिशात ठेवली.

"गाऊन झाले," मी म्हणालो. "राणी हलली नाही."

"मंग?"

"मग राजा बोलत बसला. त्याला एक सवय होती. राणी काहीही म्हणाली की तो तिचा शब्द दुरुस्त करी. ती शिळा झाली तरी सवय जाईना. शिळेवर तिचे नाव कोरले होते, तेही त्याला अशुद्ध वाटले. छिन्नी घेऊन खोडायला बसला."

"बाप्पा! रानीचं नाव?"

"पहिला घाव बसला मात्र, शिळा तडकली! राणी ताडकन उठली आणि ओरडली — 'आता मले बोलू द्या!'"

मी 'मले' म्हणालो. सात बायकांसमोर, खणखणीत आवाजात. कोणाच्या लक्षातही आले नाही. जयवंताबाईंनी मांडीवर थाप मारली. "अस्सं! लय उशीर केला बाई तिनं!" मग सगळ्या एकदम बोलू लागल्या, राजाला काय काय ऐकवायला हवे होते ते. मी पाटावर बसून सर्व ऐकले.

चूक दुरुस्त केली नाही. तिची चूक होती, तिच्यापाशी राहिली.

सोमवार, १२ डिसेंबर

नईमाबाई अकोल्याहून परतल्या. "उठली का चाचीची रानी?" सर्व सांगितले; 'राग' शब्दाची गंमतही सांगितली.

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. "गलती? सर, राग म्हंजे गाना, हे मी पैल्याच दिवशी चाचीले सांगितलं होतं. थे म्हने, 'मालूम हाये वं नईमा. पन गाना तं राजाचा झाला. उठाचं रानीले हाये. तिचं सोताचं काई पाह्यजे का नाई?'"

दुकानाला कुलूप नीट लावले होते. दोन्ही किल्ल्या परत केल्या.