मिठाचा शेक

प्रिय नमिता,

तू माहेरी गेलीस, मधे दिवाळीही उलटून गेली आणि मी आता लिहायला बसलोय. उशीर झाला, बाळा, रागवू नको. काल घरात जे झालं त्याने माझा जीव अजून थाऱ्यावर नाही. अक्षर वाकडं येतंय, ते सांभाळून घे.

कृणाल बोटीच्या बर्फाच्या खणात पाठीवर पडला आणि त्याचं कमरेखालचं सगळं गेलं, ते तूच निस्तरलंस. तू होतीस तेव्हा त्याला सारखं या कुशीवरून त्या कुशीवर करायचीस, टाचा अधांतरी राहतील अशी उशी लावायचीस. आम्ही करतो, पण तुझ्यासारखं जमत नाही. हल्ली इथे खाडीवरून गार वारा सुटतो. त्याचे पाय नुसते गारढोण पडायचे. तुझ्या सासूला ते बघवेना. गारठून आलेल्या माणसाला आपल्याकडे मिठाचा शेक देतात, ते तुला ठाऊक आहे. मासळी खारवायचं जाडं मीठ तिने तव्यावर तापवलं, फडक्यात बांधलं आणि त्याच्या टाचांना लावलं. जास्त गरम नाही ना रे, असं तिने विचारलंही. तर हा म्हणतो, आये, मला काय विचारतेस, पायांना विचार. आम्ही हसलो, तोही हसला. किती दिवसांनी घरात हसू आलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा दिला आणि वर मोजे चढवले.

काल ऋता नावाच्या एक बाई आल्या. मणक्याला मार लागलेली माणसं इस्पितळातून घरी गेल्यावर त्यांचं काय होतं, त्यांना सांभाळणाऱ्यांचं काय होतं, याचा त्या घरोघरी फिरून अभ्यास करतात. मला म्हणाल्या, काका, याला कसं सांभाळायचं ते तुम्हाला कोणी शिकवलं का? मी म्हटलं, आमच्या सुनेला शिकवलं होतं. मग त्यांनी पाय बघायला मागितले. मी मोजा ओढला, तर टाचेचं कातडं मोज्याबरोबरच निघून आलं. आणि कृणाल माझ्या तोंडाकडे बघून विचारतोय, बाबा, काय झालं, असे का बघताय? त्याला काही कळलंच नव्हतं गं. बाई म्हणाल्या, जिथे जाणीव नाही तिथे असा शेक द्यायचाच नसतो, आपल्या हाताला सोसतं तेवढ्यानेही भाजतं, आणि हे त्यांनी बऱ्याच घरांत पाहिलंय. तुझी सासू भिंतीला टेकून खालीच बसली. जखम भरेल, पण वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणतात.

पण मी लिहितोय ते जखमेसाठी नाही. इस्पितळाची गाडी येईपर्यंत बाईंना कृणालशी एकट्याशी बोलायचं होतं, म्हणून मी बाहेर ओट्यावर बसलो. खिडकी उघडी होती. त्यांनी विचारलं, तुम्हाला सांभाळतं कोण? तो म्हणाला, बायको. मग म्हणाला, म्हणजे सांभाळायची. मीच घालवली तिला. तिला सांगितलं, तुझा हात लागला की मला किळस येते. दुसरं काहीही बोललो असतो तरी ती हलली नसती. बाईंनी विचारलं, खरंच येत होती का किळस? तो म्हणाला, सगळ्यांच्या हाताची यायची, एक तिच्याच हाताची नव्हती येत. ते ऐकून मी तिथेच बसून राहिलो, गाडीचा भोंगा वाजला तरी मला उठवेना. इथे सगळे म्हणायचे, धड नवरा होता तोवर नांदली. तुझी सासूही तेच म्हणायची, आणि मी ते ऐकून घेतलं. आणि तू जाताना आमच्यापाशी एक अक्षर बोलली नाहीस. तो खोटं बोलला होता, नमिता. मी लिहितोय हे त्याला माहीत नाही. ये म्हणायचा मला हक्क नाही, यायचं की नाही ते तू ठरव. पण ते वाक्य खरं धरून तू तिकडे राहू नको. हे पत्र व्हायोलेट मावशीकडे देतोय, मासळी घेऊन ती तुमच्या तिकडे चारकोपच्या बाजारात बसते. तुला जे वाटेल ते, चांगलं वाईट काहीही, तिच्याजवळ लवकर सांगून पाठव. मी वाट बघतोय.

तुझाच,
बाबा (भिकाजी)