दिराची सहल

४ मे, सोमवार

फार्कर आलाय!

दुकानवाल्या डोलीनाने फोन करून सांगितलं. माझा विश्वासच बसेना. सख्खा दीर, वीसेक वर्षं कॅनडात, ना पत्र ना फोन. आणि आता आला तो उतरलाय कुठे, तर पुलापलीकडच्या हॉटेलात! इथे आमच्या दोन खोल्या भाड्याच्या पाहुण्यांसाठी झाडूनपुसून तयार. "पाठवते हवं तर तुझ्याकडे," डोलीना म्हणाली, "पण सख्ख्या दिराकडून न्याहारीचे पैसे घेशील का गं?" मेली एक टोमणा सोडायची नाही.

टॉर्मडला, त्याच्या सख्ख्या भावाला, सांगितलं तेव्हा तो कोंबड्यांना दाणे टाकत होता. "असं का," म्हणाला. बस, एवढंच! मला वाटलं होतं हातातली बादली भिरकावेल.

५ मे

फार्करने आज गडाचं तिकीट काढलं. तिकीट! ज्या पडक्या भिंतींवरून हे दोघे भाऊ लहानपणी उड्या मारायचे, तिथे जर्मन बायकांच्या मागे रांगेत उभा राहिला. खिडकीतली मुलगी नवीन, तिला काय ठाऊक हा कोण. तिने नकाशा दिला. त्याने तो घेतला! दुपारी धबधब्यावर गेला आणि पाटी वाचत बसला म्हणे. त्याच डोहात पोहायला शिकलाय हा माणूस.

काही कळेनासं झालंय.

७ मे

आज खडकांवरचे सील बघायच्या बोटीत. भर पावसात, नारिंगी जाकीट घालून. बोटवाला रुअरी सांगत आला, "मी म्हटलं, अरे फार्कर, तुझ्या बापाने मला वल्ही मारायला शिकवलं, तुझ्याकडून कसले पैसे घेऊ? तर म्हणतो, मी प्रवासी आहे, घे."

डोलीनाच्या मते अजून त्या दोरीचाच राग. असेलही. सासरे गेले तेव्हा दोऱ्या टॉर्मडने वाटल्या. शवपेटी खड्ड्यात उतरवताना डोक्याकडची दोरी थोरल्याने धरायची, पायाकडची धाकट्याने — हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण तेव्हा जमिनीचा करार अडला होता, म्हणून टॉर्मडने पायाकडची दिली जमीनदाराच्या मॅनेजरला! फार्करला कुठेतरी गुडघ्यापाशी. त्याने बापाला नीट खाली उतरवलं, दोरी सोडली, आणि नंतरच्या जेवणालाही न थांबता निघून गेला. तो गेलाच. टॉर्मडने चूक कधी कबूल केली नाही. विषय काढला की घरात दोन दिवस अबोला, म्हणून मीही काढायचं सोडलं.

पण राग आहे तर आला कशाला? आणि आला तर धबधबे काय बघत बसलाय?

८ मे

टॉर्मडचंही डोकं फिरलंय. ऐन स्वयंपाकात मला ओढत नेऊन बॉयलर कसा सुरू करायचा ते दाखवलं. "तू आहेस ना," म्हटलं. "शीक गं म्हातारे. मी बाहेर असलो तर कुडकुडत बसशील?" तोवर माझा केकचा घाणा करपला. वर म्हणतो, यंदा मेंढ्या विकून टाकू. का? तर कंटाळा आला. या माणसाला मेंढ्यांचा कंटाळा!

९ मे

फार्कर लोकर गिरणी बघायला गेला. स्वतःच्या आजीचा माग बघायला!! मी काही विचारणार नाही आता.

१० मे, रविवार

चर्चमध्ये फार्कर शेवटच्या बाकावर, आम्ही पुढे. बाहेर पडताना दोघे भाऊ अगदी समोरासमोर आले. सगळं गाव टोप्या चाचपत उभं.

फार्कर म्हणाला, "हवा बरी आहे."

टॉर्मड म्हणाला, "दुपारी बिघडेल."

झालं! एवढ्या वर्षांनी दोन भावांचं बोलणं! आणि डोळे मात्र दोघांचेही लाल. देवाच्या दारात नसतो तर दोघांनाही बदडलं असतं.

११ मे

डोलीनाने उलगडा केला. "अगं, तो शेवटचं बघून घेतोय सगळं. आजारी आहे तो. वाळलाय किती बघ ना. माझा चुलतभाऊ नाही का, जायच्या आधी एकेक बेट पालथं घालून आला." मला एकदम पटलं. किती नावं ठेवली मी त्याला या आठवड्यात!

बार्लीचं सूप डब्यात भरलं आणि थेट हॉटेल गाठलं. त्याने माझे दोन्ही हात धरले. "ईशबेल, तू कशी आहेस? निभावशील ना?"

"माझं काय विचारतोस? तू स्वतःचं बघ."

तर ढसाढसा रडायला लागला. मग म्हणाला, सूप फार छान झालंय. चाखलंही नव्हतं.

"घरी का येत नाहीस?"

"त्याने अजून बोलावलं नाही."

"मग आलास कशाला?"

"त्यानेच बोलावलं म्हणून."

आता काय म्हणावं याला! पुढे विचारलं तर, "ते त्यालाच विचार." म्हणजे टॉर्मडला याच्या दुखण्याचं आधीपासून ठाऊक आहे. फोनवर बोललेत दोघे. आणि मला सुगावा नाही! चाळीस वर्षं संसार केला तो याच माणसाबरोबर ना?

१२ मे

न्याहारीचे पाहुणे गेल्या गेल्या मी टॉर्मडवर भडकले. "तुझा भाऊ मरायला टेकलाय आणि तू कुंपण रंगवतोयस?"

त्याने ब्रश खाली ठेवला. "कोण म्हणालं?"

"सगळं गाव म्हणतंय."

हसला! इतका हसला की कुंपणाला धरून खाली बसावं लागलं. मग किल्ली घेतली, गाडी काढली, आणि अर्ध्या तासात फार्करला घेऊन हजर.

बटाटे जरा जास्तच शिजले. टॉर्मडने मोठा मासा त्याच्या ताटात वाढला. स्वतः काही खाल्लं नाही. मग बटाट्यांकडे बघत म्हणाला, "पायाकडची मॅनेजरला द्यायला नको होती."

"नको होती," फार्कर म्हणाला. "मीठ दे."

मी मोरीशी जाऊन रडून घेतलं. इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आता एकच. बिचाऱ्या फार्करला ना बायको ना पोर. त्याची वेळ येईल तेव्हा डोक्याकडची दोरी टॉर्मडनेच धरायची. उद्या सांगते त्याला.

१३ मे

फार्कर ठणठणीत आहे.

डॉक्टरांनी सांगितलंय ते टॉर्मडला. मार्चमध्येच. फार तर हा उन्हाळा काढेल, म्हणाले. मला सांगायचं धाडस होईना, म्हणून आधी भावाला बोलावलं, आणि तो आल्यावर त्याच्याशी बोलायचंही होईना. आज सांगितलं. फार्कर खिडकीशी पाठ करून उभा होता.

"डोक्याकडची हा धरेल," टॉर्मड म्हणाला. "पायाकडची तू धर."

आमच्या गावात बाईला दोरी कुणी दिलेली नाही. मी हो म्हटलं.